फसलेला स्वेटर उसवा, लोकर वाचवा

हाताने विणलेला स्वेटर मनासारखा झाला नाही, तर तो कपाटात पडू देण्यापेक्षा उसवणं शहाणपणाचं. विणकाम म्हणजे सलग धाग्याचे एकमेकांत अडकवलेले टाके. शिवण सोडवून शेवटच्या टाक्याचं टोक ओढलं की ओळीमागून ओळ सुटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं, तेव्हा जुने स्वेटर उसवून नवे विणले जात.

‘उसवलेली लोकर नागमोडी होते, टाके एकसारखे येत नाहीत,’ हा आक्षेप खरा आहे, पण उपाय सोपा आहे. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि न पिळता सावलीत टांगा. ओलाव्याने लोकरीच्या तंतूंमधले बंध सैल होतात आणि वाळताना धागा पुन्हा सरळ होतो. अॅक्रिलिकवर पाण्याचा परिणाम कमी होतो. वेळ जातो हेही मान्य. पण चांगली लोकर महाग असते आणि ती नव्यासारखी वापरता येते. मुख्य अपवाद दोन: धुऊन आटलेला, घट्ट झालेला स्वेटर आणि कापून शिवलेला रेडीमेड, त्यातून तुकडेच निघतात.