शंभर यंत्रांचा एक दिवस

न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाच्या दप्तरात 1851 पासूनच्या अंकांची जी प्रचंड चित्रसामग्री साठलेली होती, तिच्यातून एकेक लेख जुळवून तो वाचकाला पडद्यावर सुखाने वाचता येईल अशा पीडीएफ रूपात आणण्याचे काम त्या संस्थेने 2007 साली हाती घेतले. लेखांची संख्या होती सुमारे 1 कोटी 10 लाख आणि मूळ प्रतिमांचा साठा होता 4 टेराबाइटांचा. संस्थेच्या अभियंत्याने त्यासाठी एकही नवा संगणक विकत घेतला नाही. अमेझॉन कंपनीकडून 100 संगणक भाड्याने घेतले, काम त्यांच्यात वाटून दिले, आणि चोवीस तासांच्या आत सर्व लेख तयार झाले. त्या काळी अशा एका संगणकाचे भाडे तासाला 10 सेंट असे. म्हणजे यंत्रांपुरता हिशेब केला तर तो 240 डॉलरांच्या पलीकडे जात नाही.

या घटनेचे मर्म तिच्या हिशेबातच आहे. एक संगणक 100 दिवस राबवला काय आणि 100 संगणक एक दिवस राबवले काय, भाड्याची रक्कम तीच होते. परंतु पहिल्या रीतीने सव्वातीन महिन्यांनी हाती येणारे फळ दुसऱ्या रीतीने उद्या सकाळी हाती येते. यंत्रे स्वतःच्या मालकीची असावीत असा दंडक पाळणाऱ्या संस्थेला हा मार्ग कधीच मोकळा नव्हता, कारण एका दिवसाच्या कामासाठी शंभर यंत्रे खरेदी करायची म्हणजे निविदा, मंजुरी, जागा, वीज, वातानुकूलन हे सारे सोपस्कार पार पाडून, काम संपल्यावर तीच यंत्रे धूळ खात पडलेली पाहण्याची तयारी ठेवायची. अर्थात हे समीकरण सर्वच कामांना लागू पडत नाही. येथे प्रत्येक लेख दुसऱ्यापासून स्वतंत्र होता, म्हणून वाटणी सोपी झाली. ज्या गणितात पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते, तेथे शंभरापैकी नव्याण्णव यंत्रे स्वस्थ बसून राहतील आणि भाडे मात्र शंभरांचे पडेल. 1881 साली निघालेल्या केसरीसारख्या आपल्या जुन्या नियतकालिकांबाबत असा उद्योग करायचा झाला, तर त्यात यंत्रांची अडचण आता उरलेली नाही. पानांच्या स्वच्छ प्रतिमा आणि त्यांची शिस्तबद्ध सूची हाच त्यातील खरा खर्च आहे, आणि तो कोणीतरी तातडीने उचलावा असे मला मनापासून वाटते.

या भाडेपद्धतीची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. संगणकशक्ती ही एखाद्या दिवशी दूरध्वनीसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी एमआयटी या संस्थेच्या 1961 च्या शताब्दी महोत्सवात बोलून दाखवले होते, आणि त्याच वर्षी तेथेच फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धती प्रत्यक्ष करून दाखवली. पुढे 1972 मध्ये आयबीएम कंपनीने व्हीएम 370 ही प्रणाली बाजारात आणली. एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, प्रत्येकाचा उंबरठा आणि चूल वेगळी असावी, आणि शेजारच्या खोलीतले कोणाच्या दृष्टीस पडू नये, तशी एकाच यंत्राच्या पोटात अनेक स्वतंत्र आभासी यंत्रे तिने वसवली. हेच कौशल्य साध्या, स्वस्त सर्व्हरवर उतरवणारे झेन हे सॉफ्टवेअर 2003 मध्ये केंब्रिज विद्यापीठातून बाहेर पडले, आणि त्याच्या पायावर दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे बसलेल्या एका लहानशा चमूने उभारलेली ईसी2 ही सेवा अमेझॉनने ऑगस्ट 2006 मध्ये खुली केली. चार ओळींचा हुकूम लिहून पाठवला की काही मिनिटांत यंत्र हजर आणि दुसरा पाठवला की ते नाहीसे, अशी व्यवस्था प्रथमच सामान्य ग्राहकाच्या आटोक्यात आली.

यंत्र इतके सहज येऊ-जाऊ लागल्यावर आज्ञावली रचण्याची रीतही आमूलाग्र बदलावी लागली, आणि या विषयातील मला सर्वाधिक मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. ऑगस्ट 2008 मध्ये नेटफ्लिक्स या कंपनीच्या स्वतःच्या विदागारात बिघाड होऊन तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवणे बंद पडले. तेव्हा तिने आपला सारा कारभार क्लाउडवर, म्हणजे अशाच भाड्याच्या यंत्रांवर, नेण्याचे ठरवले आणि ते स्थलांतर जानेवारी 2016 मध्ये संपले. सात वर्षे लागली, कारण जुने सॉफ्टवेअर उचलून नव्या जागी ठेवण्याऐवजी त्या मंडळींनी त्या एकसंध, अवाढव्य रचनेचे शेकडो लहान सेवांमध्ये विभाजन केले. प्रत्येक सेवेने असे गृहीत धरायचे की आपण ज्या यंत्रावर चालतो ते पुढच्या क्षणी नाहीसे होईल. म्हणून जपून ठेवावी अशी कोणतीही नोंद त्या यंत्रावर ठेवायची नाही, ती वेगळ्या साठ्यात आणि एकाहून अधिक ठिकाणी प्रती करून ठेवायची. हे गृहीत कृतक राहू नये म्हणून त्यांनी केऑस मंकी नावाचे एक साधन तयार केले, जे कार्यालयीन वेळेत, अभियंते जागेवर असताना, चालू यंत्रांपैकी एखादे अवचित बंद करते. आपण घडवलेल्या वस्तूवर रोज स्वतःच आघात करून ती टिकते की नाही हे पाहणारी ही वृत्ती मला अत्यंत आदरणीय वाटते.

ज्यांनी ही शिस्त पाळली नाही त्यांना तिची किंमत 28 फेब्रुवारी 2017 रोजी कळली. अमेझॉनच्या एस3 या साठवण सेवेतील बिलाच्या यंत्रणेचा दोष शोधताना एका कर्मचाऱ्याने, व्हर्जिनियातील केंद्रांमधील थोडे सर्व्हर वगळण्यासाठी दिलेल्या आज्ञेत चूक केली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर बाजूला पडले. ज्या उपयंत्रणा त्यामुळे कोलमडल्या त्या कित्येक वर्षांत पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू केलेल्याच नव्हत्या, आणि या काळात साठा अतोनात वाढलेला होता. सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला, आणि सेवेची स्थिती जगाला कळवणारे पृष्ठही त्याच साठ्यावर विसंबून असल्यामुळे काही काळ तेही अद्ययावत करता येईना. एका प्रदेशातील केंद्रांवरच सर्वस्वी भिस्त ठेवणाऱ्या असंख्य संस्था त्या दिवशी हतबल झाल्या.

प्रदेशाची निवड आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून व्हर्जिनियापर्यंतचे सुमारे 13,000 किलोमीटर अंतर जाऊन परत येण्यास त्याला किमान 130 मिलिसेकंद लागतात, आणि ते कोणत्याही चतुर आज्ञावलीने कमी होत नाहीत. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात आणि अमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली, त्यामागे या अंतराचाही वाटा आहे.

आता शासकीय दप्तरेही याच वाटेने निघाली आहेत. महाराष्ट्र शासनाने जानेवारी 2018 मध्ये आपले सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. खाजगी कंपनीच्या जागेत बिऱ्हाड करताना ते हलवण्याची वेळ आली तर काय, हा प्रश्न मला येथे सर्वांत गंभीर वाटतो. कारण एखाद्या कंपनीच्या खास सेवांना धरून लिहिलेले सॉफ्टवेअर दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाही, आणि साठवलेली माहिती बाहेर नेण्यासाठी या कंपन्या दीर्घकाळ आकार घेत आल्या. गुगलने आणि अमेझॉनने 2024 च्या प्रारंभी, सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांपुरता हा आकार माफ केला. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार तर 12 जानेवारी 2027 पासून असे स्थलांतर-शुल्क घेताच येणार नाही. जमिनीचे उतारे, जन्ममृत्यूच्या नोंदी, रुग्णालयांची कागदपत्रे अशा प्रकारचे अभिलेख जी खाती भाड्याच्या यंत्रांवर ठेवतील, त्यांनी माहिती कोणत्या खुल्या स्वरूपात, किती मुदतीत आणि कोणाच्या खर्चाने परत मिळेल याचे कलम करारनाम्यात सही होण्यापूर्वी लिहून घ्यावे, आणि वर्षातून एकदा ती खरोखर परत काढून पाहावी.