शिशाचा एप्रन कुठे गेला?

"मुलाच्या दातांचा एक्स-रे काढला, पण शिशाचा एप्रन घातलाच नाही!" अशी तक्रार मंडळात काही पालकांनी केली. हा हलगर्जीपणा नव्हे. अमेरिकन डेंटल असोसिएशननेच २०२४ मध्ये एप्रन व गळपट्टा नको, असे सुचविले. हल्लीच्या यंत्रांत किरणांचा झोत दातांपुरताच ठेवता येतो; एप्रन आड आला तर फोटो बिघडतो व पुन्हा काढावा लागतो.

काळजी करायचीच तर सीटी स्कॅनची करावी. इथे अमेरिकेत निसर्गातूनच, मुख्यतः घरातल्या रेडॉन वायूतून, माणशी वर्षाला सरासरी ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एक्स-रेची ०.१, पोटाच्या सीटीची मात्र सुमारे ८, म्हणजे अडीच वर्षांची एकदम. यंत्र चालविणाऱ्या कर्मचाऱ्याला कायद्याने वर्षाला ५० ची मर्यादा आहे. रुग्णाला मर्यादाच नाही! गरज किती, हे डॉक्टरांनी तोलायचे. म्हणून आपण विचारावे: सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? त्यांत हे किरण नसतात. मुलांसाठी मात्रा कमी केली आहे ना? डोक्याला जबर मार लागला असेल तेव्हा मात्र हुज्जत नको. तिथे सीटी जीव वाचवतो.

भारतातून येणाऱ्या आई-वडिलांना जुन्या स्कॅनची सीडी आणायला सांगा, नुसता रिपोर्ट नव्हे. लोणच्याच्या बरणीला बॅगेत जागा होतेच! जुनी चित्रे हाती असली, तर कधीकधी नवा सीटी टळतो.