कोणतं काम घरी, कोणतं गॅरेजमध्ये?

जुनी बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज स्वस्तात मिळाली, तरी तिचे सुटे भाग आणि मजुरी महागच राहतात. त्यामुळे काही कामं स्वतः करावीशी वाटणं रास्त आहे. मात्र निवड खर्चावरून नव्हे, तर चूक झाल्यास काय बिघडेल यावरून करावी. एअर फिल्टर, केबिन फिल्टर किंवा वायपर चुकीचे बसले, तर काढून पुन्हा बसवता येतात. बॅटरीचं काम मात्र दिसतं तितकं साधं नाही: अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये नवी बॅटरी गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर तो तिला जुनी समजूनच चार्ज करतो आणि तिचं आयुष्य घटतं. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल, तर मागचे पॅड बदलण्याआधी सहसा स्कॅनरने ब्रेकची मोटर मागे घ्यावी लागते. पिस्टन जोराने दाबल्यास कॅलिपर निकामी होऊ शकतो. एअरबॅगमध्ये तर स्फोटक भार असतो, तिथे हात घालूच नये.

व्हिडिओ पाहून सगळं शिकता येतं, असं काहीजण म्हणतात. कृती शिकता येते, निदान नाही. स्वस्त स्कॅनरचा कोड तक्रार कुठे आहे ते सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा की गळतीचा, हे तपासूनच कळतं. अंदाजाने भाग बदलत गेलं, की वाचलेली मजुरी तिथेच संपते. कंपनीचं वर्कशॉप परवडत नसेल, तर त्याच ब्रँडचा अनुभव असलेलं स्वतंत्र गॅरेज हा उत्तम मध्यममार्ग आहे. प्रत्येक बिल जपून ठेवा. गाडी विकताना तोच विश्वासार्ह पुरावा ठरतो.