पंच आणि डाय: छोट्या मॉडेलसाठी संच कसा निवडावा

(मीरा-भाईंदर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकायला अगदी बारीक वाटेल, आणि तो बारीकच आहे. अर्ध्या मिलिमीटरची गोल चकती कशी कापायची आणि ती कापायला कोणता संच घ्यायचा, एवढाच प्रश्न. पण या प्रश्नाचं उत्तर शोधायला भाईंदरइतकी योग्य जागा दुसरी नाही. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमधून अनेक वर्षं स्टीलची भांडी बाहेर पडत आली आहेत. प्रत्येक वाटी, प्रत्येक डबा सुरुवातीला पत्र्याचं एक गोल ‘सर्कल’ असतो. डब्याचं सर्कल आणि मॉडेलवरच्या रिव्हेटची चकती, दोघांनाही एकच शास्त्र लागू पडतं. फरक फक्त आकाराचा.

आधी एक गोंधळ दूर करू. बाजारात ‘पंच’ नावाने दोन वेगळी हत्यारं मिळतात. एक असतो पोकळ पंच, पट्ट्याला भोक पाडायला चांभार वापरतो तो. त्याची कडा सुरीसारखी धारदार असते. तो पत्रा कापत नाही, तर चिरत खाली जातो. त्यामुळे चकतीची कड तिरकी होते, बारीक मापात चकतीच वाकते, आणि एक-दोन मिलिमीटरच्या खाली हा पंच सहसा मिळतही नाही. कागद, फोम, मास्किंग टेप यांना तो चालतो. दुसरा आहे खरा पंच-डाय. यात पंच ही भरीव, सपाट टोकाची दांडी असते आणि डाय म्हणजे तिच्या मापाचं भोक असलेली कडक पोलादाची पट्टी. पत्रा या दोघांच्या मध्ये येतो. पंचाची कड आणि डायची कड त्याला कात्रीच्या दोन पात्यांसारख्या कातरतात. कात्री ढिली झाली की कापड कापलं न जाता पात्यांत दुमडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंच-डायचं तेच.

संच घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, ‘यात भोकं किती?’ हा प्रश्न शेवटी यायला हवा. पहिला प्रश्न असा: मी काय बनवतो आणि कोणत्या प्रमाणात?

थोडं गणित करू. जुन्या गर्डर पुलांमध्ये २० ते २२ मिमी दांड्याचे रिव्हेट सर्रास असत. रिव्हेटच्या गोल डोक्याचा व्यास दांड्याच्या साधारण १.६ पट असतो. म्हणजे २० मिमीच्या रिव्हेटचं डोकं ३२ मिमीचं. १:३५ मध्ये हे होतं ०.९ मिमी, १:७२ मध्ये ०.४४, आणि रेल्वे मॉडेलवाल्यांच्या १:८७ मध्ये ०.३७ मिमी. आता षटकोनी बोल्ट. एम१० च्या डोक्याचं पान्याचं माप जुन्या मानकाप्रमाणे १७ मिमी, एम१६ चं २४, एम२० चं ३०. १:३५ मध्ये ते अनुक्रमे ०.४९, ०.६९ आणि ०.८६ मिमी भरतं.

म्हणजे रणगाडे किंवा पूल करणाऱ्या माणसाचं बहुतेक काम ०.४ ते १ मिमीच्या पट्ट्यात होतं. तिथे ०.१ मिमीची पायरी फार मोठी असते. ०.५ वरून ०.६ वर गेलात की चकती २० टक्क्यांनी मोठी झाली. ३ मिमीवरून ३.१ वर गेलात तर डोळ्याला कळतही नाही. म्हणून खालच्या टोकाला पायऱ्या जवळजवळ असलेला सहा भोकांचा संच, अर्ध्या-अर्ध्या मिमीने वाढणाऱ्या बारा भोकांच्या संचापेक्षा कितीतरी उपयोगी.

विमानवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. विमानाच्या पत्र्यावरचा ३.२ मिमीचा रिव्हेट घ्या. त्याचं डोकं ६.४ मिमीच्या आसपास असतं. १:४८ मध्ये ते ०.१३ मिमी. हे कोणत्याही पंचाचं काम नाही. त्यासाठी दातेरी चाकाचं रिव्हेट मारायचं हत्यार वापरतात. पण कॉकपिटमधल्या घड्याळांना पंच हवाच. विमानातल्या उपकरणांची दोन प्रचलित मापं आहेत, सव्वातीनपेक्षा थोडं कमी म्हणजे ३⅛ इंच, आणि सव्वादोन इंच. १:४८ मध्ये ती १.६५ आणि १.२ मिमी होतात, १:३२ मध्ये २.५ आणि १.८. तेव्हा विमानवाल्याने १ ते ३ मिमीचा संच घ्यावा. जहाजवाल्याने १:३५० मध्ये ३०० मिमीची गोल खिडकी केली तर ती ०.८६ मिमीची होते. प्रत्येकाचा पट्टा वेगळा. स्वतःच्या पाच मॉडेलांची मापं कागदावर मांडा, मगच दुकानात जा.

दुसरा प्रश्न: पंच आणि डाय यांच्यात फट किती? कारागीर याला क्लिअरन्स म्हणतात. प्रेसच्या कामात पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के फट प्रत्येक बाजूला ठेवतात. आपलं प्लास्टिक ०.२५ मिमीचं. त्याचे ५ टक्के म्हणजे जेमतेम ०.०१ मिमी. माणसाचा केसच ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो. केसाच्या पाचव्या भागाहूनही बारीक फट राखणं, तीही प्रत्येक भोकाला, यासाठीच तर पैसे मोजायचे असतात. चकचकीत डबीसाठी नाही. फट जास्त झाली की प्लास्टिक भोकात ओढलं जातं, चकती बशीसारखी वाकते आणि कडेला बर राहते.

इथे टूलरूममधला एक नियम लक्षात ठेवा. खाली पडलेल्या तुकड्याचं माप डाय ठरवते, आणि पत्र्यात राहिलेल्या भोकाचं माप पंच ठरवतो. आपल्याला चकती हवी असते, म्हणून संचावर लिहिलेलं माप डायचं आहे की पंचाचं, ते विचारा. आणखी एक. कापलेल्या चकतीची डायकडची कड किंचित गोल होते, पंचाकडची धारदार राहते. तेव्हा चकती चिकटवताना गोल बाजू वर ठेवा. रिव्हेट आपोआप रिव्हेटसारखा दिसतो. हवं तर वरून पातळ प्लास्टिक सिमेंटचा हलका हात फिरवा, कड आणखी मऊ होते.

तिसरा प्रश्न जाडीचा. कापायला लागणारा जोर म्हणजे चकतीचा परीघ गुणिले पत्र्याची जाडी गुणिले त्या पदार्थाची कातर-ताकद. १ मिमीची चकती ०.२५ मिमी पॉलिस्टायरीनमधून काढायला साधारण ३ किलोचा जोर पुरतो, म्हणजे छोट्या हातोडीची टिचकी. थंड पेयाच्या डब्याचा ०.१ मिमी ॲल्युमिनियम पत्रा घेतलात तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि भांड्यासाठी ०.५ मिमी स्टेनलेस पत्र्यातून २०० मिमीचं सर्कल काढायला याच सूत्राने सुमारे १३ टन लागतात. म्हणून तिथे पॉवर प्रेस आहे. प्रेसवर बोट गमावलेली माणसं आपल्याला अनोळखी नाहीत, हेही विसरू नका. आपलं हत्यार छोटं असलं तरी कडक पोलादाचा तुकडा उडू शकतो. चष्मा घालूनच मारा.

याच सूत्रातून पंच का मोडतो तेही कळतं. पंच जितका बारीक आणि पत्रा जितका जाड, तितका त्या दांडीवरचा दाब वाढतो. कारागिरांचा जुना दंडक असा की भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको. ०.५ मिमीच्या पंचाने ०.५ मिमीचा स्टीलचा पत्रा मारायला गेलात तर पंच वाकणार किंवा तुटणार. तोच पंच ०.२५ मिमीच्या प्लास्टिकवर वर्षानुवर्षं चालेल. म्हणून जो संच घ्याल त्याचे सुटे पंच मिळतात का, हे आधीच पाहा. बारीक मापाचे पंच उपभोग्य वस्तू समजा, शिवणयंत्राच्या सुईसारखे.

आता हातात संच घेऊन करायच्या तपासण्या सांगतो. त्यांना भिंगाखेरीज कोणतंही उपकरण लागत नाही.

पहिली, पंच वरच्या पट्टीच्या भोकात सोडा. तो अडखळू नये आणि डुगडुगूही नये. दुसरी, दोन्ही पट्ट्या उजेडासमोर धरा. वरचं आणि खालचं भोक बरोबर एका रेषेत दिसलं पाहिजे, एका बाजूला चंद्रकोर दिसली तर संच ठेवून द्या. तिसरी, डायच्या भोकाची वरची कड भिंगातून पाहा. ती काटेकोर धारेची हवी. कड मोडलेली किंवा गोल केलेली असेल तर ती कातरणार नाही. चौथी आणि सगळ्यात खरी, साधा टिश्यू पेपर मारून पाहा. डाय बसवणारे कारागीरही कागदावर चाचणी घेतात. टिश्यूची स्वच्छ चकती पडली तर फट बरोबर आहे. कागद भोकात दुमडून गेला, तर प्लास्टिकही तेच करेल. पाचवी, डायचं भोक खालच्या बाजूने किंचित मोकळं आहे का पाहा. नसेल तर चकत्या आत अडकून एकमेकींवर साचतात.

ऑनलाइन घेत असाल तर हे करता येत नाही. मग विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचारा: पोलाद हार्डन केलंय का, किती जाडीपर्यंत चालतो, मापांची पायरी किती, सुटे पंच मिळतात का. अमेरिकेचे वॉल्ड्रन आणि हंगेरीचे आरपी टूल्झ ही नावं मॉडेलवाल्यांत माहीत आहेत. पण नाव पाहून नव्हे, ही चार उत्तरं पाहून घ्या.

सोनारांच्या हत्यारांत ‘डिस्क कटर’ मिळतो, झवेरी बाजारात पाहायला सापडेल. तो खरा पंच-डायच आहे आणि बांधणीही मजबूत असते. पण त्याची मापं साधारण ३ मिमीपासून वर जातात. चाकं, झाकणं, दिव्यांच्या काचा यासाठी उत्तम. रिव्हेटसाठी नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्या बारकाईची गरज काय? अर्ध्या मिमीच्या ठिपक्याने काय बिघडतं? भाईंदर आणि नायगावच्या मध्ये, वसईच्या खाडीवर, पाणजू बेटाला टेकून गेलेला जुना लोखंडी रेल्वे पूल आठवा. लोकलमधून शेजारी दिसणारा तो गंजका गर्डर. असे पूल एकदा उतरवले की भंगारात जातात. मग मागे उरतात फोटो, नकाशे आणि कुणी बनवलेलं मॉडेल. किंवा अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातला व्हॅलेंटाइन घ्या, ब्रिटिशांनी रिव्हेट मारून बांधलेला. त्याच्या अंगावरच्या रिव्हेटच्या रांगा हाच त्याचा चेहरा. आजकाल वेल्डिंगच्या जमान्यात वाढलेला मुलगा मॉडेल पाहूनच शिकतो की पूर्वी लोखंड असं जोडत. त्याच्यासमोर ३२ मिमीच्या जागी ६० मिमीचं डोकं ठेवलं तर आपण त्याला चुकीचा इतिहास दाखवला. मापाचं महत्त्व तिथे आहे.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन.

प्रश्न: संच घरी बनवता येतो का?

उत्तर: कामचलाऊ बनवता येतो. चांगल्या ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी हा पंच आणि त्याच ड्रिलने जाड पोलादी पट्टीत पाडलेलं भोक ही डाय. दोन पट्ट्या घट्ट आवळून एकदमच भोक पाडायचं, म्हणजे रेष चुकत नाही. मात्र ड्रिलचं भोक ड्रिलपेक्षा किंचित मोठं होतं, त्यामुळे पातळ प्लास्टिकवर कड थोडी ओढली जाते. १ मिमीच्या वर चालून जातं. दांडीचं टोक आधी दगडावर काटकोनात सपाट करून घ्या. आणि इथे, भाईंदरमध्ये, एखाद्या टूलरूममध्ये माप लिहून घेऊन जा. डाय बनवणाऱ्या माणसाला ‘पाव मिमी प्लास्टिकसाठी’ एवढं सांगितलं की फट किती ठेवायची हे तो सांगेल.

प्रश्न: चकत्या उडून हरवतात, त्याचं काय?

उत्तर: डायच्या खाली चिकटपट्टी उलटी लावा, चकती तिच्यावरच पडते. तिथून ओल्या ब्रशच्या टोकाने उचला. एका रांगेला लागतात त्याच्या दीडपट चकत्या एका बैठकीत मारा, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पत्र्यातून काढलेल्या चकतीची जाडी तंतोतंत जुळेलच असं नाही. आणि पहिला संच घेणार असाल तर एकच प्रमाण ठरवा, त्याला लागणारी तीन मापं निवडा, आणि तेवढीच उत्तम प्रतीची घ्या. बाकीची मापं काम पडेल तशी येतील.