पैनगंगेकाठच्या बर्फाचा माग

1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर पैनगंगा ही परभणी जिल्ह्याची उत्तरेकडची वेस होती. हीच नदी पुढे चंद्रपूरजवळ वर्धेला मिळते. त्या परिसरात इराई गावाजवळ गुळगुळीत झालेल्या चुनखडकावर समांतर चरे उमटलेले आहेत. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाने पोटातल्या दगडगोट्यांसह तो खडक घासला होता. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी हा पुरावा 1875 मध्ये प्रसिद्ध केला.

शोधाला सुरुवात मात्र 1856 मध्ये ओडिशातल्या तालचेरला झाली होती. ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांना तिथे बारीक गाळात रुतलेले मोठमोठे धोंडे दिसले. वाहते पाणी जड आणि हलके वेगळे करते. इथे सगळे एकत्र होते. बर्फाचाच हात असणार, असे त्यांनी म्हटले. पण इतक्या उष्ण प्रदेशात बर्फ आला कुठून? फेडन यांच्या लेखाच्या शीर्षकातही हिमनदीचा नाही, पाण्याच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फाचाच उल्लेख होता.

पुढे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही तशाच खुणा जुळत गेल्या. शास्त्रज्ञ वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकतात हा विचार मांडला आणि कोडे उलगडू लागले. त्या हिमकाळात भारत या खंडांसह गोंडवन भूखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाकडे होता. बर्फ वितळल्यानंतरच्या दलदलीत चंद्रपूरचा कोळसा साचला.

बर्फ होता हे ठरले, तरी त्याचा आकार ठरवणे अवघड राहिले. चरा बर्फाच्या वाटेची रेघ देतो. त्या रेघेवर तो कोणत्या बाजूला गेला हे दुसऱ्या खुणांवरून ठरवावे लागते. बर्फाची जाडी त्यातून कळत नाही. धोंड्यांचे मूळ गाव शोधले की प्रवास उमगतो: पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेत राजस्थानातल्या मालाणी खडकाचे धोंडे सापडले आहेत. पूर्वी अभ्यासक एकच अवाढव्य हिमचादर रेखाटत. गेल्या काही दशकांत मात्र वेगवेगळ्या काळी वाढलेली आणि ओसरलेली अनेक हिमकेंद्रे मानण्याकडे कल आहे.

परभणीचे काय? इथे पुरावा असलाच, तर तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाखाली झाकलेला आहे. 1993 च्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला खोल बोअर घेतले, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि मग थेट प्राचीन पाया लागला. हिमकाळाचा जाड थर तिथे मिळाला नाही. याचा अर्थ बर्फ तिथवर आलाच नाही, असाही होतो आणि त्याने ठेवलेला गाळ नंतरच्या कोट्यवधी वर्षांत झिजून गेला, असाही होतो.

म्हणून मराठवाड्यावरून या बर्फाची कड एका ठाम रेघेने काढणे चुकीचे ठरेल. तिथे रुंद पट्टा काढावा आणि इराईसारख्या उघड्या खडकाजवळ तो अरुंद करावा. कुठे खात्री किती, हे सांगणारा नकाशाच पुढचे बोअर कुठे घ्यायचे ते सुचवतो. इराईचे चरे खाणकामापासून जपले पाहिजेत आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक खोल बोअरमधून निघालेले खडकांचे नमुने अभ्यासासाठी सांभाळून ठेवले पाहिजेत. हा पट्टा अरुंद करण्याचे ते महत्त्वाचे साधन आहे.