नंदभाषा आणि च-भाषा : कृत्रिम बोलींचे व्याकरण

'कृत्रिम भाषा' म्हटले की झामेनहॉफने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस्परान्तोचे नाव प्रथम आठवते. तेथे शब्दांबरोबर प्रत्ययव्यवस्थाही नवी घडविलेली आहे : नाम 'ओ'ने संपते, विशेषण 'आ'ने. मराठीतील घडविलेल्या बोलींचा मार्ग मात्र निराळा आहे. त्या नेमके काय बदलतात आणि कशाला हात लावत नाहीत, हे पाहणे भाषाविचाराच्या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

पहिले उदाहरण व्यापाऱ्यांच्या नंदभाषेचे. गिऱ्हाइकासमक्ष भाव ठरविताना आकडा त्याला कळू नये, हा तिचा हेतू. आवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, अंगुळू दहा, ढकार हजार. विसोबा खेचरांच्या नावावरील एका अभंगात हे शब्द शंकराच्या वर्णनासाठी योजले आहेत. मुखे पाच, नेत्र तीन, हात दहा. वर्णन करू पाहणारा शेष सहस्रमुखी. थकलेली शास्त्रे सहा आणि वेद चार. ज्याला पुराणांतील या संख्या ठाऊक आहेत त्याला सांकेतिक शब्दांचा अर्थ आपोआप लागतो. बाजारात जे झाकण्यासाठी होते, तेच येथे उकलण्याचा आनंद देते.

या शब्दांचे ध्वनी पूर्णतः मराठी आहेत. 'मुळू', 'अंगुळू' यांत ळकार आहे. अनेक शब्दांच्या अंती येणारा उकार जुन्या मराठीतील 'देवु', 'रामु' अशा रूपांची आठवण करून देतो. व्याकरणही मराठीच. 'पाच रुपयांना' याऐवजी 'मुळू रुपयांना' म्हटले, तरी सामान्यरूप, प्रत्यय आणि पदक्रम जागचे हलत नाहीत.

मुलांच्या च-भाषेत याच्या उलट घडते. तेथे शब्द तेच राहतात, ध्वनींचा क्रम बदलतो. पहिले अक्षर शेवटी न्यावयाचे आणि त्याच्या जागी 'च' ठेवावयाचा : 'कमल'चे 'चमल क', 'काय'चे 'चय का'. 'पुस्तक'चे 'चस्तक पु' होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे. उच्चारानुसार पाहता 'पुस्‌-तक' असे तुकडे पडतात. परंतु मूल 'पु' एवढेच उचलते आणि 'स्त' अखंड ठेवते. म्हणजे त्याच्या मनातील घटक हा लिपीतील अक्षराशी जुळणारा आहे. महानुभावांच्या सकळ लिपीत तर केवळ लेखनातील वर्ण बदलतात. आतली मराठी तशीच असते.

लिपी, ध्वनी, शब्द असे तीन थर बदलून पाहिले. व्याकरणाचा थर मात्र तिन्ही ठिकाणी अबाधित राहिला. याचे कारण उघड आहे. गुप्त बोली जाणत्या श्रोत्याला तत्काळ कळली पाहिजे. वाक्याचा सांगाडा ओळखीचा असेल तरच बदललेला अंश त्याला झटकन भरून घेता येतो.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या अकराव्या खंडात (१९२२) सांसी, कंजर, कोल्हाटी, गारुडी इत्यादी समाजांच्या बोली एकत्र नोंदविल्या आहेत. शब्दारंभीचे व्यंजन बदलणे, अक्षर जोडणे अशा युक्त्या त्यांत आढळतात. त्या च-भाषेच्याच जातीच्या. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सांसी-कंजरांसारख्या जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या, आणि त्यांच्या गुप्त बोलीकडे गुन्ह्याची खूण म्हणून पाहिले गेले. व्यापाऱ्याने आकडे लपविले तर ते चातुर्य, मुलांनी अक्षरे फिरविली तर तो खेळ, आणि भटक्याने तेच केले तर तो पुरावा! तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वर्णनात्मक भाषाशास्त्राने या तिन्ही बोलींना एकच माप लावले, तर त्या कायद्यामागील दृष्टी अभ्यासातूनही हद्दपार होईल.