जुनी पिकअप घेताय? आधी कॅट-कॉन तपासा, मग सौदा करा



दुकानाच्या डिलिव्हरीसाठी मी जुनी पेट्रोल-सीएनजी पिकअप घेतली. महिन्याभरातच गाडी चढावर धाप टाकायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "कॅट-कॉन गेलाय." वीस हजारांच्या वर खर्च करून नवीन बसवला. चार महिन्यांत तोही गेला! खरा आजार निघाला एका सिलिंडरच्या इग्निशन कॉइलचा. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: कॅट-कॉन सहसा आपोआप मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. आधी तो मारणारा शोधा.

कॅट-कॉन म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसणारा डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा थर असतो. धुरातले विषारी वायू इथे कमी घातक होतात. पण इंजिन मिसफायर करत असेल तर न जळलेलं इंधन या डब्यात येऊन जळतं. जाळी वितळते, धुराची वाट अडते. इंजिन ऑइल जळत असेल तर त्याचा थर जाळीवर बसतो आणि काम बंद.

आता तपासणी. याच क्रमाने करा:

१. ट्रायल माल भरून घ्या. रिकामी गाडी फसवते. चढावर ओढ कमी, वेग वाढवला तरी इंजिन गुदमरल्यासारखं, सडक्या अंड्यांचा वास, ही लक्षणं बघा. गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खडखडलं तर जाळी तुटलीय.

२. स्कॅनर लावा. पी०४२० कोड म्हणजे कॅट-कॉनची क्षमता कमी झाल्याची शंका, निकाल नव्हे. सोबत पी०३०० ते पी०३०४ पैकी काही आलं तर आधी मिसफायर बघा: प्लग, कॉइल, इंजेक्टर. कोड एकही नाही, पण कॅटलिस्ट मॉनिटर "इनकम्प्लीट" दिसतोय? मग विकणाऱ्याने कोड नुकतेच पुसले असू शकतात.

३. दोन ऑक्सिजन सेन्सर बघा. इंजिन गरम झाल्यावर पुढच्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली नाचतं, मागच्याचं बरंचसं स्थिर राहायला हवं. मागचाही तसाच नाचत असेल तर कॅट-कॉन थकलाय. मात्र आधी एक्झॉस्टमध्ये लीकेज नाही ना, हे बघून घ्या.

४. चोक झालाय का? पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर वाट अडलीय.

५. गाडीखाली वाका. डब्यावर कापून पुन्हा वेल्डिंग केल्याची खूण असेल तर आतला माल काढून विकलेला असू शकतो.

ही पद्धत पेट्रोल आणि सीएनजीची. डिझेलची रचना वेगळी असते.

दोष सापडला तर कॅट-कॉन आणि मूळ दुरुस्ती, दोन्हींचं लेखी कोटेशन घ्या आणि किमतीतून वजा करा. गाडी वर्कशॉपमध्ये जितके दिवस उभी, तितके दिवस भाड्याचा टेम्पो, हेही त्यात धरा. विकणारा तयार नसेल तर सरळ उठून या. मी दोन कॅट-कॉनचे पैसे भरून शिकलो, तुम्ही फुकटात शिका.